सिद्दी बायकांच्या कवंदवर एमएचा प्रबंध: मराठी विभागात हा विषय चालतो का?

मलप्रभाकाठची

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात एमए मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय पुढच्या सोमवारपर्यंत द्यायचाय आणि मी अडकलेय. जरा लांबण होईल पण वाचा प्लीज.

दिवाळीच्या सुट्टीत हल्याळकडं मावशीच्या गावी गेलेले. समोरच्या घरात सिद्दी कुटुंब आहे, तिथल्या आज्जी कट्ट्यावर जुनी लुगडी, परकराचे तुकडे, शाळेच्या शर्टाच्या बाह्या असलं सगळं पसरून कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, शिवत बसलेल्या. आमच्या घरी आज्जीची वाकळ मी लहानपणापासून बघते म्हणून सहज जाऊन बसले, तर काय, तोच धावदोरा, तसंच कडेनं सुरू करून फिरत फिरत मध्याकडं जायचं. पण एक गोष्ट वेगळी होती. चारी कोपऱ्यांना चिंधीच्या छोट्या छोट्या त्रिकोणी घड्या एकावर एक लावून फूल केलेलं. मी विचारलं हे कशाला, याची ऊब तर काय लागणार नाही. त्या कोंकणीत बोलल्या, मी मराठीत विचारत होते, निम्मं कळलं निम्मं नाही, पण एवढं पक्कं कळलं की फूल नसलं तर कवंद उघडंनागडं दिसतं, तसं कुणाला देऊ नये. मग पलीकडच्या घरातलं दाखवलं, ते ख्रिस्ती सिद्दींचं, त्यावर क्रूस शिवलेला. आणि मुसलमान सिद्दींच्या घरात चंद्रकोर असते म्हणाल्या.

तेव्हापासून हेच डोक्यात बसलंय. एकच समाज, तीन धर्म, पूर्वज आफ्रिकेतून आलेले, बोली कोंकणी, बाजारात कन्नड, आमच्या बाजूला आले की मराठी. आणि हे सगळं एका अंथरुणात. मी विभागात विषय सांगितला तर उत्तर मिळालं की हा समाजशास्त्राचा विषय आहे, यात साहित्य कुठाय. मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही आणि खूप वाईट वाटलं.

तर विचारायचं हे की वंश, धर्म, साहित्य, सांस्कृतिक ओळख हे सगळं एकत्र घेऊन अभ्यास करणारे लोक नेमकं करतात काय? म्हणजे सकाळी उठून टेबलावर बसले की पुढ्यात काय असतं? आणि दुसरं, मी सिद्दी नाही. मग मी हे लिहावं का?

शहापूरचे मास्तर

बाळ, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी तीस वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं, संशोधक नाही, पण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं एका ओळीत आहे आणि ती ओळ तुला पाठ असणार. कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु. शाळेत आपण मुलांना काय सांगतो, कानडा म्हणजे अगम्य, कळायला अवघड, आणि पुढं जातो. संशोधक रा. चिं. ढेरे पुढं गेले नाहीत, त्या शब्दापाशी थांबले. ज्ञानेश्वरांनी कर्नाटकु असं सरळ म्हटलंय तर ते आपण सरळ का वाचत नाही, हा त्यांचा प्रश्न. मग त्यासाठी कोरीव लेख बघितले, धनगरांच्या कथा बघितल्या, स्थळपुराणं बघितली, कानडी संतांची पदं बघितली. होयसळ राजा सोमेश्वराच्या १२३७ च्या लेखात पंढरपूरचं नाव पंडरगे असं येतं. त्यातून १९८४ ला श्रीविठ्ठल: एक महासमन्वय झालं, त्याला १९८७ चा साहित्य अकादमी मिळाला. आता सांग, ते पुस्तक साहित्याचं, धर्माचं, इतिहासाचं का समाजशास्त्राचं? कुठल्या कपाटात ठेवायचं हे ग्रंथपालानं ठरवावं, ढेऱ्यांनी ती चिंता केली नाही.

आणि हे काम आपल्याच मातीत ढेऱ्यांच्या आधी एकानं सुरू केलं होतं, शं. बा. जोशी. सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरचे, जन्म १८९६ चा, कन्नडमधले मोठे संशोधक, १९७० चा अकादमी पुरस्कार त्यांना कन्नड पुस्तकासाठी आहे. पण या माणसानं मराठीतसुद्धा मऱ्हाटी संस्कृतीवर लिहिलं. गावांची नावं, देवांची नावं, घरातले साधे शब्द धरून ते मागं मागं जात. तुझ्या पिढीतल्या मुलांना त्यांचं नाव माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडंही कमी आणि तिकडंही कमी.

तू सौंदत्तीला गेली असशीलच. माघी पुनवेला डोंगरावर निम्मी गर्दी कोल्हापूरकडची, निम्मी धारवाड विजापूरकडची, चौंडकं एकच आणि त्यावरचं गाणं एकदा मराठीत एकदा कानडीत. एखादी जोगतीण मधेच भाषा बदलते, तिला स्वतःला ते कळतसुद्धा नाही. नेमकी कुठल्या शब्दाला बदलते ते टिपून ठेवणं म्हणजे साहित्याचा अभ्यास नाही तर काय? तुझं फूलही तसंच. तुला जे वेगळं दिसलं तिथंच बस, तिथून हलू नको.

टिळकवाडी ७१

विषय चांगला आहे ताई पण एक सांगतो, राग मानू नका. आपल्या भागात ओळख, अस्मिता म्हटलं की लगेच पाटी कुठल्या भाषेत हा प्रश्न येतो. १९५६ पासून सीमावादात हेच चाललंय, महाजन अहवाल १९६७ चा, त्यानंतरही तेच. तुम्ही सिद्दींवर मराठीतून लिहिलं की एक बाजू म्हणणार बघा ते मराठी बोलतात, दुसरी म्हणणार नाही ते कर्नाटकचे. त्या गरीब माणसांना उगाच यात ओढू नका एवढंच. भाषेची मोजदाद करणारा प्रबंध नको.

धारवाड हॉस्टेल

@टिळकवाडी ७१ दादा, भीती खरी आहे, पण म्हणूनच तर नीट अभ्यास पाहिजे ना, मोजदाद करणारे असणारच आहेत.

@मलप्रभाकाठची अगं मी इथं पीएचडी करतेय, इंग्रजी विभागात, तुलनात्मक साहित्य. तुझ्या त्या साहित्य कुठाय ला उत्तर देते, पाठ करून ठेव आणि सोमवारी सांग.

वंश हा विषय मराठी साहित्यात बाहेरून आलेला नाही, तो पहिल्यापासून आहे. जोतीराव फुल्यांची गुलामगिरी १८७३ ची. अर्पणपत्रिका कुणाला आहे बघ, अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करायला झटलेल्या तिथल्या लोकांना. तिकडं गुलामी कायद्यानं संपली १८६५ ला, म्हणजे आठच वर्षांनी पुण्यातला एक माणूस ती गोष्ट स्वतःच्या शूद्रातिशूद्रांशी जोडतोय. पुढं १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांपुढं अर्ज करतायत त्याची प्रत पाठवा म्हणून, आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं ते तुला माहीतच आहे. जनार्दन वाघमाऱ्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्यावर मराठीत लिहिलंय, ते आधी वाच, मग इंग्रजीकडं वळ.

पण एक गोष्ट सांभाळ, जात म्हणजे वंश असं पटकन लिहू नको. बाबासाहेबांनी स्वतः आर्य वंशाचा सिद्धांत खोडून काढलाय, शूद्र मूळचे कोण या १९४६ च्याच पुस्तकात. आणि २००१ ला डरबनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न तिथं मांडावा का नाही यावर आपल्याच विचारवंतांत केवढी भांडणं झाली. दोन्ही बाजू वाचण्यासारख्या आहेत. सिद्दींच्या बाबतीत हे आणखी गुंतागुंतीचं होतं, कारण त्यांच्याकडं लोक वंश म्हणूनच बघतात, रंग आणि केस बघून. १९८० च्या दशकात सरकारची खेळाची योजना होती, आफ्रिकन रक्त आहे म्हणजे पळायला चांगले असणार असं धरून सिद्दी मुलं निवडली, काही वर्षांत योजना बंद झाली. या एका योजनेत वंशाची अख्खी कल्पना बसलीय बघ, माणूस बघायचाच नाही, रक्त बघायचं. आणि त्याच इतिहासात मलिक अंबर आहे, गुलाम म्हणून विकत आणलेला हबशी, ज्यानं निजामशाही चालवली, १६२६ ला वारला. म्हणजे सिद्दी म्हटलं की एकच चित्र कधीच नव्हतं.

कवंदवर हेन्री ड्र्यूअल नावाच्या अमेरिकन कला इतिहासकारानं काम केलंय. आफ्रिकेतल्या कलेचा अभ्यासक, तो इकडं आला, बायकांबरोबर बसला, आणि त्यांची कवंदं विकली जावीत, त्यांना पैसे मिळावेत असा प्रयत्नही केला. फुलाबद्दल तू ऐकलंस तेच त्यानं नोंदवलंय. पण त्याला एक गोष्ट येत नव्हती जी तुला येते, आपल्या वाकळेची. तो आफ्रिकेकडून बघत आला, तू शेजारच्या कट्ट्यावरून बघतेयस. सगळं आफ्रिकेतून आलं म्हणणंही चूक आणि सगळं इथलंच म्हणणंही चूक, धावदोरा कुणाचा, फूल कुणाचं, हे टाक्याटाक्यानं बघायचं. तुझा प्रबंध तिथं आहे.

टेबलावर काय असतं विचारलंस. माझ्या टेबलावर सध्या ओव्यांच्या अकरा वह्या आणि दोन शब्दकोश आहेत, कन्नड आणि मराठी. दिवसभरात कधी कधी एकच ओळ सुटते.

दमामवाला

मी सिद्दी आहे. हल्याळ तालुका. शाळा कन्नड, घरात कोंकणी, मराठी खानापूर अळणावर बाजारात शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही लिहावं का हे विचारलात म्हणून लिहितो. सहसा कोण विचारत नाही. येतात, दमाम म्हणजे आमचा ढोल वाजवा म्हणतात, नाचा म्हणतात, व्हिडिओ काढतात, जातात. बसमध्ये मला दर महिन्याला एकदा तरी कोण तरी विचारतंय कुठल्या देशाचा. मी मराठीत उत्तर दिलं की हसतात, कौतुक करतात, कन्नडमध्ये दिलं तरी कौतुक करतात. आमची चारशे वर्षं तरी इथंच गेली. पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्यात विकायला आणलेले, तिथनं पळून घाट चढून जंगलात आले, असं आमचे जुने लोक सांगतात आणि पुस्तकातही तसंच आहे. तरी कौतुक संपत नाही. कौतुकाचा पण कंटाळा येतो.

साहित्य कुठाय म्हणाले ना तुमचे सर. इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णाच्या कथेत गजवीर आहे, सिद्दी, रायण्णाचा साथीदार. रायण्णाला फाशी तुमच्याच तालुक्यात, नंदगडला, १८३१ ला. आमच्या आज्जी ती गोष्ट गजवीरापासून सुरू करतात, बाकी सगळे रायण्णापासून करतात. हे लिहा.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ ला अनुसूचित जमातीत घेतलं. २०२० ला शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले, आमच्यातले पहिले आमदार. हे पण लिहा, नुसतं गुलाम आणि नाच नको.

कवंदबद्दल. ते बाई शिवते तेव्हा कुणासाठी शिवते ते आधी विचारा. नातवासाठी असेल तर लहान आणि फुलं जास्त. जुनी लुगडी कुणाची ते पण विचारा, त्यात वारलेल्या माणसांचे कपडे असतात, ती एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगेल. मी माझ्या अव्वाच्या कवंदमध्ये माझ्या आजोबांचा शर्ट ओळखतो, निळ्या रेघांचा. ते वाचायला येतंय का बघा, तेच आमचं वाचन.

आणि एक अट. झाल्यावर परत या आणि त्या कट्ट्यावर बसून वाचून दाखवा. मराठीत असलं तरी चालेल, मी कोंकणीत सांगतो त्यांना.

शहापूरचे मास्तर

दमामवाला, तुम्ही लिहिलंत ते मी वर पुस्तकं सांगितली त्यापेक्षा मोलाचं आहे. गजवीरापासून सुरू होणारी गोष्ट मी कधी ऐकली नाही. ऐकायला यायचं आहे, परवानगी असेल तर.

मलप्रभाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. दमामवाला दादा, तुमची अट मान्य, शब्द देते.

काल रात्री घरी गेले, आमच्या आज्जीची वाकळ काढली आणि पहिल्यांदा नीट बघितली. तीन कोपरे सपाट, चौथ्यात काहीतरी टणक लागलं. विचारलं तर म्हणाली, "पोळीचा तुकडा हाय गं. शेवटचा टाका घालायच्या आधी ठेवतो आम्ही, वाकळ उपाशी ऱ्हाऊ नये म्हणून." कुणी शिकवलं तर म्हणाली शेजारच्या कानडी बाईनं, नंदगडात असताना, लग्न नवीन होतं तेव्हा. मग मी तिला सिद्दी आज्जींच्या फुलाचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बरोबर हाय की. एकीनं जेवू घातलं, एकीनं नटवलं."

दादानं सांगितलं तसं एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारत गेले. साडेअकरा वाजले. माझ्या आईच्या शाळेचा परकर आहे त्यात, हिरवा, मला माहीतच नव्हतं. मामाचा शर्ट आहे, जो आता नाही. तिथं आज्जी थांबली, मग पुढचा तुकडा तिनंच दाखवला.

विषय असा लिहिलाय: हल्याळ खानापूर भागातील सिद्दी कवंद आणि मराठी वाकळ, शिवणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून. बोलण्यातून हा शब्द मास्तरांमुळं घातला. सोमवारी देते, काय म्हणतात ते इथं येऊन सांगते. पुढच्या शनिवारी आज्जीला घेऊन हल्याळला जायचं ठरलंय, तिला ते फूल स्वतःच्या हातानं शिवून बघायचंय म्हणे.