नाशिकच्या शरणपूरमधल्या आमच्या आजीवर लिहायचंय, माहिती कुठे मिळेल?

नात_नाशिककर: आजी नव्वदी ओलांडून गेली, आयुष्यभर मराठी शाळेत बाई होती, फायनल (सातवीची परीक्षा) पास होऊन नोकरीला लागली मग पीटीसी (प्राथमिक शिक्षकांचं ट्रेनिंग) केलं, पहाटे बायबल वाचल्याशिवाय चहा घ्यायची नाही आणि अख्खं घर तिच्या शब्दाबाहेर नव्हतं. सुरुवात कुठून करू?

देवळालीवाला: आधी चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टर बघा, आईवडिलांची नावं त्यात सापडतात. पेन्शन होती ना, मग सेवापुस्तकाची प्रत घरात ट्रंकेत वगैरे असू शकते.

जुना विद्यार्थी: शरणपूरचा इतिहास पण घ्या ताई, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनमध्ये शिकली, त्यातला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेला मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला, हे आपल्याच लोकांना माहीत नाही याचं फार वाईट वाटतं. आणि आजीचं उपासना संगीत, म्हणजे चर्चमधल्या गीतांचं पुस्तक, रद्दीत देऊ नका हां! आमच्या आईच्या प्रतीत रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या गीतांशेजारी पेन्सिलने लिहिलंय, कुठलं कुणाच्या लग्नात गायलं, कुठलं मयतीला.

नात_नाशिककर: आजीच्या पण आहे तसं! रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना रजिस्टरचं विचारते.