थेंब पानावर आपटला की तो नेमकं काय करतो?

अडलेली: फवारणीवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. थेंब पानावर आदळतो, काही मिलिसेकंदांत भाकरीसारखा चपटा होतो, मग त्याच्या कडा मागे सरतात नाहीतर फुटून शिंतोडे उडतात. पहिल्या क्रियेला मी 'पसरणे' लिहिलं, संपादकांनी खोडून 'प्रसरण' केलं. प्रसरण तापलेल्या लोखंडाचं होतं ना? इथे थेंबातलं पाणी तेवढंच आहे! एक शब्द सुचवा.

शाईपेन: 'फुटणे'. शाळेत हलक्या वहीत शाई फुटायची, मागच्या पानावरही निळे पाय उमटायचे.

कोथिंबीर: ती कागदाच्या धाग्यांनी ओढून घेतलेली शाई. शिवाय थेंब फुटला म्हटलं की तुकडेच डोळ्यांसमोर येतात, आणि तुकडे तर पुढच्या वाक्यात व्हायचेत.

निफाडी: कांद्याच्या पातीवर औषध थांबत नाही, गोळी होऊन घरंगळतं. म्हणून पंपात स्टिकर, म्हणजे औषध पातीला चिकटवणारं द्रव, टाकतो. मग औषध 'बसतं'. बसणे लिहा.

देववाणी: यासाठी 'क्लेदन', म्हणजे ओलं करणं, हा नेटका शब्द आहे.

निफाडी: दुकानात जाऊन क्लेदक मागून बघा, फिनाईल देतील.

देववाणी: हसा. गीतेत 'पद्मपत्रमिवाम्भसा' आहे (5.10), त्याच ओळीत 'लिप्यते न'. कमळाच्या पानावर थेंबाचा स्पर्शकोन (थेंबाची कड पानाशी आतून करते तो कोन) 150 अंशांच्या वर जातो, तो जवळजवळ गोलच राहतो. 'अलिप्त' आपण रोज वापरतो, मग पाणी पानाला 'लिप्त' झालं म्हणायला काय हरकत?

अडलेली: लिप्त म्हणजे माखलेलं, ते सगळं झाल्यावर. मला आपटल्या क्षणाची हालचाल हवीय.

कोथिंबीर: मग 'फाकणे'! शहाबादी फरशीवर ताकाचा थेंब पडला की आजी म्हणायची, "बघ कसा फाकला." शेणाने सारवलेल्या जमिनीवर मात्र तोच थेंब 'जिरायचा'.

देववाणी: फाकणे पायांचं. छापील लेखात बरं दिसत नाही.

कोथिंबीर: प्रभा फाकते तेव्हा बरं दिसतं का?

शाईपेन: शिंतोड्यांचं एक राहिलं. 2005 साली शिकागोत प्रयोग झाला. भोवतीच्या हवेचा दाब पुरेसा कमी केला, तर कोरड्या गुळगुळीत काचेवर तोच थेंब शिंतोडे न उडवता गपगुमान पसरला. म्हणजे खोड हवेची.

निफाडी: शिंतोडा की शितोडा? आमच्याकडे अनुस्वार नाही.

शाईपेन: उष्ट्या हातावरचं भाताचं शीत उडतं, तो शितोडा. माझी व्युत्पत्ती.

देववाणी: ओढूनताणून. 'शिंपणे'कडे बघा, अनुस्वार तिथूनच आलाय.

कोथिंबीर: हीसुद्धा तुमचीच व्युत्पत्ती ना?

अडलेली: लेख उद्या द्यायचाय हो. 'फाकून पसरतो' लिहिलंय, संपादक काय करायचं ते करोत.

निफाडी: आणि शितोड्याचं काय केलंत?