मदत हवी आहे: रीस्टार्टनंतर खिडक्यांचा क्रम तोच कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. मी नौपाड्यात घरूनच तीन दुकानांचे हिशेब लिहिते. विंडोज 11 आहे. टास्कबारवर एक्सेलच्या चार फायली नावासकट वेगवेगळ्या दिसतात, कायम याच क्रमाने: खरेदी, विक्री, बँक, जीएसटी. आता नाव न वाचताच हात बरोबर जागी जातो.

परवा रात्री अपडेट होऊन लॅपटॉप रीस्टार्ट झाला. सकाळी घाईत फायली उघडल्या त्या उलटसुलट. सवयीने दुसऱ्या जागी क्लिक केलं आणि विक्रीची अकरा बिलं खरेदीत चढवली! दोन्हीकडचे रकाने सारखेच, त्यामुळे संध्याकाळी बेरीज जुळेना तेव्हा कळलं. लोकांच्या पैशाचं काम आहे, फार वाईट वाटलं.

एक्सेल पिन केलंय, पण पिनने प्रोग्रामची जागा ठरते. आतल्या खिडक्या ज्या क्रमाने उघडाल त्या क्रमानेच लागतात. हायबरनेट केलं (म्हणजे उघडं काम साठवून लॅपटॉप बंद केला) तर सगळं जसंच्या तसं राहतं, पण अपडेटच्या रीस्टार्टपुढे त्याचा उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईज या मोफत साधनसंचातलं वर्कस्पेसेस खिडक्यांची स्क्रीनवरची जागा आणि आकार लक्षात ठेवतं. त्याने टास्कबारवरचा क्रमही टिकतो का? कुणी रोज वापरतं का?

की सरळ बॅच फाईल (एका क्लिकवर ओळीने आज्ञा चालवणारी छोटी फाईल) करून, मध्ये पाच-पाच सेकंद थांबवत, चारही फायली ओळीने उघडाव्यात? मला हेच पटतंय, पण कधी लिहिलेली नाही. कुणाकडे चालणारी असेल तर कृपया इथे टाका. शनिवारच्या आत हवी आहे, रिटर्नचं काम सुरू होतंय.