संगणक तयार घ्यावा की सुटे भाग आणून जोडावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप दमलाय. चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे डागडुजीने भागणार नाही. मॉनिटर, कीबोर्ड धडधाकट आहेत, नवा डबाच काय तो हवाय. काम मुख्यतः फोरके व्हिडिओ एडिटिंगचं. गेम कोणी खेळत नाही.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, "तयार घे, डोक्याला ताप नको." भाचा म्हणतो, "मावशी, मेकॅनोपेक्षा सोपं आहे, आपण जोडू." त्याने स्वतः एकही जोडलेला नाही, व्हिडिओ मात्र शंभर पाहिलेत.

मी आजवर रॅम बदलली आहे आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आहे. प्रोसेसरला कधी हात लावलेला नाही. एएम५ सॉकेटमध्ये (एएमडीचा प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) १७१८ पिना असतात असं वाचल्यापासून तर धीरच होत नाही. एखादी वाकली तर बोर्ड गेलाच म्हणायचा ना?

बरं, तयार डब्यांवरही विश्वास बसत नाहीये. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची नावं ठळक अक्षरात, पण मदरबोर्ड कुठला ते कुठेच लिहिलेलं नाही. पॉवर सप्लायपुढे फक्त "५०० वॅट". रॅम १६ जीबी, तीही एकाच पट्टीत. याआधीचा तयार डेस्कटॉप पॉवर सप्लाय जळल्यावर भंगारातच गेला, कारण बाजारातला साधा पॉवर सप्लाय त्याला बसेना. बोर्डावर नेहमीच्या २४ पिनांच्या जागी कंपनीचं भलतंच सॉकेट होतं. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

खरी भीती वेगळीच आहे. सगळं जोडलं, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर कुठून शोधायला लागायचं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

एसएसडी बसवलीत म्हणजे निम्मी भीड मेलेली आहे. पिनांबद्दल: त्या सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरच्या पोटाला नुसते सपाट ठिपके. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवायचा, प्रोसेसर अलगद ठेवायचा, दाबायचा अजिबात नाही. नंतर खटका लावताना मात्र बरंच बळ लागतं आणि करकर आवाज येतो. माझा पहिल्यांदा श्वासच अडकला होता, पण ते तसंच असतं. सॉकेटवरचं काळं झाकण जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर लागतं.

चालू न होण्याची कारणं बहुतेक वेळा फुटकळ निघतात. प्रोसेसरची वरच्या कोपऱ्यातली ८ पिनांची केबल राहिलेली असते, किंवा रॅम अर्धवट बसलेली (टक् आवाज यायला हवा, दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत). मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला लावणारे तर पैशाला पासरी, त्यात मीही आलो. आणि डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहतो. बोर्ड रॅमशी ओळख करून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका.

कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम एवढ्यावर चालवून बघा. कूलरच्या बुडाचा प्लास्टिकचा पापुद्रा आधी काढा.

प्रतिसाद २

वरच्यांशी अर्धाच सहमत. जोडणं सोपंच आहे, पण सहा महिन्यांनी मशीन मध्येच बंद पडू लागलं तर? सुट्या भागांची वॉरंटी भागागणिक वेगळी असते आणि दोषी भाग कोणता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. बदलून बघायला दुसरी रॅम, दुसरा पॉवर सप्लाय घरात असतो का? तयार मशीन अख्खं परत पाठवता येतं. एडिटिंगची कामं मुदतीची असतील तर हे फार महत्त्वाचं.

मधला मार्ग: भाग तुम्ही निवडा आणि विकणाऱ्याकडूनच जोडून, चालवून घ्या. तयारच घ्यायचं ठरलं तर बोर्ड आणि पॉवर सप्लायचं मॉडेल लेखी मागा. सांगत नसतील तर पुढे चला. एकाच पट्टीची रॅम दोष नव्हे, पण तशी ती एकाच चॅनेलवर चालते, म्हणजे प्रोसेसरशी देवाणघेवाण एकाच वाटेने, हळू. जोडीची दुसरी पट्टी घाला.

आणखी एक. इंटेल घेणार असाल तर नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर टाळा. त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही (इंटेलची व्हिडिओ झटपट उलगडण्याची सोय) नाही, आणि कॅमेऱ्याच्या एच.२६५ फाइली उलगडताना तेच कामाला येतं. शिवाय ग्राफिक्स कार्ड बिघडलं तर निदान पडदा तरी दिसतो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. कामं मुदतीची आहेत, पण जुनं मशीन अजून रडतखडत चालतंय, त्यामुळे जोडताना आठवडा गेला तरी अडणार नाही. भाग मी निवडते, जोडणी भाच्यासोबत घरीच. खटका मी लावणार, त्याला हात लावू देणार नाही. नंतर काही बिघडलंच तर रॅम आणि पॉवर सप्लाय उसने देणारा मित्र भाच्याकडे आहे म्हणे.

जुन्या डेस्कटॉपचं विंडोज लायसन्स नव्यावर चालेल का?

प्रतिसाद १

मशीनसोबत आलेलं असेल तर नाही, ते त्या बोर्डाशी बांधलेलं असतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल असेल तर नेता येतं.

धागाकर्ती

सोबतच आलं होतं. बरं, यादीत तेही धरते.