मदत हवी आहे: 'अँड आय', 'अँड मी' की 'अँड मायसेल्फ'?

घाईत_आहे: पटकन सांगा, मेल अडकलाय. 'माय मॅनेजर अँड' च्या पुढे काय? ऑटोकरेक्ट तिन्ही चालवून घेतंय.

रिकामटेकडा: वाक्य कुठंय?

दप्तर: आय. 'मी अँड माय फ्रेंड' लिहिलं की बाई लाल पेनाने खोडायच्या. डोळे झाकून आय लिहा.

शेवंती: डोळे उघडे ठेवा हो. बाई खोडायच्या ते कर्त्याच्या जागी. घाईतदादा, पूर्ण वाक्य द्या.

घाईत_आहे: नेहमीचंच. 'प्लीज सेंड द रिपोर्ट टू माय मॅनेजर अँड...' आणि दादा नाही, ताई.

शेवंती: सॉरी ताई. मॅनेजरना वाक्यातून काढा. 'सेंड द रिपोर्ट टू आय' म्हणाल? नाही ना. 'टू मी'. मग मॅनेजर परत आले तरी 'मी'च. 'बिट्वीन यू अँड मी' तसंच.

दप्तर: 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनियोच्या पत्रात चक्क 'बिट्वीन यू अँड आय' आहे. शेक्सपियर चुकला का?

शेवंती: त्याला क्लायंटला मेल नव्हता पाठवायचा.

कॉर्पोरेट_किडा: आमच्याकडे सगळे मायसेल्फ लिहितात. भारदस्त वाटतं.

शेवंती: वाटतं खरं. पण मायसेल्फच्या आधी त्याच वाक्यात सहसा आय लागतो: 'आय हर्ट मायसेल्फ', 'आय डिड इट मायसेल्फ'. रिपोर्ट दुसरा कोणी पाठवणार, तिथे मायसेल्फचं काय काम? मुलाखतीत 'मायसेल्फ अमुकतमुक' म्हणतात तेही चूकच. 'आय ॲम' म्हणा, फोनवर 'धिस इज'.

टेलिफोन_बूथ: फोनवरून आठवलं, पलीकडच्याला 'हू इज धिस' विचारायचं की 'हू इज दॅट'? मी दॅट म्हटलं तर बॉस हसला.

सातासमुद्रापार: बॉस अमेरिकन आहे का? ते धिस म्हणतात. ब्रिटिश लोक सर्रास दॅट म्हणतात.

दप्तर: आणि दार वाजवल्यावर 'इट इज आय'. जुन्या व्याकरणात हेच शुद्ध.

रिकामटेकडा: म्हणा, बसा बाहेर. सगळं जग 'इट्स मी' म्हणतं.

कीबोर्डवाला: व्याकरण तपासणारं ॲप टाका. फॉन्टही बदलता येतो.

घाईत_आहे: मेल गेला. 'टू बोथ ऑफ अस' लिहून मोकळी झाले.

कॉर्पोरेट_किडा: दोघे म्हणजे कोण, हे वर कुठे लिहिलंय ना पण?