झावळ्यांच्या रविवारानंतर
झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, चर्चमध्ये झावळ्या आशीर्वादित करण्याचा रविवार, आता मुलांच्या मिरवणुकीपुरताच उरला आहे असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. माझगावच्या आमच्या घरी आजी आशीर्वादित झावळीचे पाते दुमडून त्याचा क्रूस करी आणि तो वर्षभर येशूच्या तसबिरीमागे खोचलेला असे. हिरव्याचा पिवळा आणि मग तपकिरी होताना आम्ही तो रोज पाहत असू. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारापूर्वी अशा वाळलेल्या झावळ्या चर्चमध्ये गोळा करून जाळतात आणि तीच राख त्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, आपल्या कपाळाला लागते. आजी गेल्यानंतर तिने केलेला शेवटचा क्रूस मीच चर्चमधल्या वाळलेल्या झावळ्यांच्या टोपलीत ठेवला, आणि राख लावताना म्हटले जाणारे ‘तू माती आहेस’ हे शब्द त्या बुधवारी मी प्रथमच नीट ऐकले.