मदत हवी आहे : दुसरीच्या हातचा नमुना माझ्या हातून झाला, आता काय करू?

नमस्कार मंडळी,

इथे बऱ्याच जणी हाताने दागिने करणाऱ्या आहेत, एकदोन वकीलही आहेत, म्हणून विचारते. थोडं लांबेल, पण मधलं काही गाळलं तर प्रश्नच कळणार नाही.

मी गोरेगावला राहते. सहा वर्षं झाली, घरीच पितळी आणि तांब्याच्या तारेचे दागिने करते. मणी, तार, कड्या भुलेश्वरहून आणते. ऑर्डरी बहुतेक व्हॉट्सॲपवर येतात, शिवाय वर्षातून दोन-तीन प्रदर्शनांत टेबल घेते.

मागच्या श्रावणात एका गिऱ्हाईक बाईंनी स्क्रीनशॉट पाठवला. तारेचं कासव होतं, गळ्यातल्या पदकासारखं. "असंच हवंय, पण चारशेत बसवा." कुणाचं आहे हे त्या फोटोत दिसत नव्हतं आणि मीही विचारलं नाही. फोटो समोर ठेवला, दोन संध्याकाळी खपले आणि करून दिलं. मणी तेवढा हिरव्याऐवजी लाल घातला. बाईंना आवडलं, त्यांच्या बहिणीलाही हवं झालं. मग मी त्याचा फोटो माझ्या पानावर "नवीन नमुना" म्हणून टाकला. त्या दोन शब्दांची आज सगळ्यात जास्त लाज वाटते. एकूण चौदा विकली, सहा डब्यात आहेत.

गेल्या महिन्यात पार्ल्याच्या एका प्रदर्शनात टेबल होतं. दुपारी गर्दी नसताना एक मुलगी आली, पंचविशीची असेल. तिने कासव उचललं आणि आधी उलटं करून मागची बाजू पाहिली. तिथेच मी ओळखलं की ही करणारी आहे, घेणारी नाही. तिने पाठीच्या वेटोळ्यावरून नख फिरवत नेलं, मधल्या मण्यापर्यंत, आणि विचारलं, "ताई, तुम्हीपण डावखुऱ्या का?"

मी म्हटलं, "नाही गं, का?"

"मग वेटोळं या बाजूने कसं गेलं? माझं असं जातं, कारण मी डाव्या हाताने पक्कड धरते."

टेबलावरची माझी बाकी सगळी वेटोळी घड्याळाच्या काट्यांसारखी फिरतात. हे एकच उलटं. फोटोत तसं दिसलं म्हणून मी हात वाकडा करून तसं वळवलं होतं, आणि ते का तसं आहे हा प्रश्न एकदाही मला पडला नाही. तिने कासव हळूच जागेवर ठेवलं, "छान आहेत तुमच्या नथी" म्हणाली आणि गेली. चिडली असती तर मला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं.

घरी येऊन शोधलं तेव्हा तिचं पान सापडलं. मूळ कासव साडेसहाशेला आहे. माझ्याविरुद्ध तिने कुठेही अवाक्षर लिहिलेलं नाही.

जाऊबाई म्हणतात, भुलेश्वरला एक नमुना चालला की आठवड्यात शेजारच्या दुकानात टांगलेला असतो, तू कशाला जिवाला लावून घेतेस? आणि कासव काय तिचं आहे? कोल्हापुरी साजात मासा, कासव, बेलपान, शंख पिढ्यान्पिढ्या आहेत. हे मला पटतं. कासव तिचं नाहीच. पण पायापासून पाठीपर्यंत एकच अखंड तार नेऊन शेवटचं टोक मण्याखाली दडवायचं, हे साजात नाही. ते तिने शोधलेलं आहे, आणि मला ते फोटोतून आयतं मिळालं.

आणखी एक गोष्ट मनात टोचते. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. बराच गदारोळ झाल्यावर त्यांनी ते मान्य केलं. तेव्हा मी स्टेटसला तावातावाने लिहिलं होतं की कारागिराचं नाव घ्यायला यांचं काय जातं? तो स्टेटस आठवला की तोंड लपवावंसं वाटतं.

तर विचारायचंय ते असं. कायद्याने मी कुठे उभी आहे? तिला पैसे देऊ केले तर तिचा अपमान होईल का? आणि पुढे मला कुडी, ठुशी, साज यांवरून काही करायचं झालं, तर आधार कुठपर्यंत आणि नक्कल कुठून, हे ठरवायचं कसं?

प्रतिसाद :
वकील आहे, पण हा सल्ला ढोबळच समजा. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर १० वर्षं संरक्षण मिळतं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. पण नमुना अर्जाआधी जगजाहीर झालेला नसावा. तिने अर्ज न करताच तो इन्स्टाग्रामवर टाकला असेल तर ती वाट बहुधा बंद झाली. हाताने काम करणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं. आधी फोटो टाकतात, नोंदणीचं नंतर सुचतं.

म्हणून तुम्ही सुटलात असं मात्र समजू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलात्मक कारागिरीही येते. नोंदणीजोगा नमुना नोंदवला नसेल, तर औद्योगिक प्रक्रियेने त्याच्या ५० हून जास्त प्रती झाल्यावर त्यावरचा कॉपीराइट संपतो. हाताने मोजकेच नग करणाऱ्या मुलीचं पारडं त्यामुळे अगदीच हलकं नाही. आणि मण्याचा रंग बदलला हा बचाव कोर्टात फार लंगडा ठरेल. कासव, कुडी, ठुशीचा घाट या सगळ्यांच्या गोष्टी आहेत, त्यांना हात लावायला घाबरू नका.

प्रतिसाद :
अगं, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलीनेच दिलंय. "हे असं का?" माझ्या ठुशीत मणी दोरीऐवजी तारेवर आहेत, कारण माझ्या गिऱ्हाइकांना लोकलच्या गर्दीत दोरी तुटण्याची भीती वाटते. पदर एकच आहे, कारण दोन घेतले की मानेला टोचतात. कुणी कुठेही बोट ठेवलं तरी मला कारण सांगता येतं. "फोटोत तसं होतं" एवढंच सांगता आलं, तर तेवढा भाग आपला नाही.

स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यांना मी सरळ मूळ करणारीचं पान पाठवते. सापडलं नाही तर म्हणते, यातलं नेमकं काय आवडलं ते सांगा, मी माझ्या पद्धतीने करते. निम्मी गिऱ्हाइकं जातात. सुरुवातीला वाईट वाटायचं, पण उरलेल्या निम्म्या अजून माझ्याकडेच येतात.

पैशांचं विचारायच्या आधी तिच्याशी बोल. नुसतं "सॉरी" लिहू नकोस, किती केली, कितीला विकली, सगळं सांग.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. वकीलसाहेब, "लंगडा" वाचून आधी लागलं, पण ते खरंच आहे.

पानावरचा फोटो काल रात्री काढून टाकला. तिला सगळं लिहून पाठवलं: चौदा नग, चारशेप्रमाणे ५,६०० रुपये, सामान वजा जाता उरलेले सगळे तुझे, आणि डब्यातली सहा मी विकणार नाही. पाठवायच्या आधी तीनदा वाचलं. तासाभराने उत्तर आलं, "रविवारी फोन करते ताई." बाकी काही नाही.

पानावर तिचं नाव घालून खुलासा टाकायचा आहे, पण तो तिला विचारूनच. एक अजून कळत नाहीये. ज्या चौदा जणींनी ते कासव माझं म्हणून घेतलं, त्यांना प्रत्येकीला कळवायचं का? त्यातल्या दोघींनी भेट म्हणून पुढे दिलंय. कुणावर अशी वेळ आली असेल तर कृपया लिहा, रविवारच्या आत ठरवायचंय.